हौसेला मोल

‘हौसेला मोल नाहीं’ ही म्हण आपल्या घरोघरीं दोन सुरांत म्हटली जाते. ज्यानें खर्च केला तो ती समर्थनासाठीं म्हणतो. ज्याच्या अंगावर तो खर्च पडला तो तीच म्हण सुस्कारा टाकून म्हणतो. एकाच्या मतें हौस अमोल असते, म्हणून तिची किंमत विचारूं नये. दुसऱ्याच्या मतें हौसेच्या मोबदल्यांत हातीं कांहींच येत नाहीं, म्हणून तिची किंमत शून्य. एका लहानशा वाक्यांत असे दोन विरुद्ध अर्थ सुखानें नांदतात याचें मला पूर्वीं कधीं नवल वाटलें नव्हतें. परंतु गेल्या वर्षीं पावसाळा संपतां संपतां माझ्या धाकट्या भावाच्या घरीं एक लांबट खोका आला, आणि तेव्हांपासून या म्हणीनें माझा पिच्छा पुरविला आहे.

खोक्यांत मासे गरविण्याची एक काठी आणि तिला जोडावयाचें एक जपानी रीळ अशा दोन वस्तू होत्या. माझा भाऊ जयगडच्या खाडीकांठच्या एका गांवीं राहतो. तेथील शाळेंत त्यानें उभी हयात शिकविलें, आणि निवृत्त झाल्यावरही त्यानें तें गांव सोडलें नाहीं. दोन्ही वस्तूंची किंमत त्यानें मला सांगितली, तेव्हां ऐकण्यांत चूक झाली असें समजून मीं ती पुन्हां विचारली. आंकडा तोच होता. चांगल्या स्थितींतील एखादी मोटारसायकल तेवढ्यांत आली असती.

‘‘अरे, एवढ्या पैशांत घरांतल्या माणसांना कित्येक वर्षें रोज तांबोशी खाऊं घालतां आली असती,’’ मी म्हणालों.

‘‘दादा,’’ तो हंसून म्हणाला, ‘‘मासेच विकत घ्यायचे असते तर मी काठी कशाला घेतली असती?’’

त्याचें उत्तर निरुत्तर करणारें होतें. पण निरुत्तर होणें आणि पटणें यांत फार अंतर आहे. त्या अंतरांत मी गेले कित्येक महिने येरझारा घालीत आहें. वाचकांपैकीं बहुतेकांनीं गळाची काठी कधीं हातीं धरली नसेल, आणि हा प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि त्यांनीं आपल्या घरांत एकवार नजर फिरवावी. कोणाच्या घरीं मिरजेहून मुद्दाम करवून आणलेला तंबोरा गवसणींत उभा असेल, कोणाच्या कपाटांत भारी कॅमेरा असेल, कोणाच्या ट्रंकेंत वर्षांतून एकदां उन्हें दाखविण्यापुरता बाहेर निघणारा शालू असेल. काठी हें निमित्त आहे. प्रश्न सर्वांचाच आहे.

मासा धरण्यास मुळांत लागतें किती? एक गळ, एक दोरी आणि थोडें आमिष. आमच्या खाडीवरचीं पोरें रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळतात, टोंकाला गळ बांधून त्याला कोळंबी टोंचतात आणि धक्क्यावर पाय सोडून बसतात. काठी त्यांना लागतच नाहीं. याच्या पुढचें जें जें आहे तें माणसाच्या बुद्धीनें आणि हौसेनें हळूहळू रचलेलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत घड्याळें बनविणाऱ्या कारागिरांनीं दांत्यांच्या चाकांचीं रिळें घडविलीं. हाताचा एक फेरा झाला कीं फिरकीचे अनेक फेरे व्हावे अशी त्यांची योजना होती. कणखर बांबू चिरून, त्याच्या त्रिकोणी आकाराच्या सहा पट्ट्या तासून, त्या एकत्र चिकटवून षट्कोनी काठी करण्याची कला याच शतकांत इंग्लंड-अमेरिकेंत पूर्णत्वास गेली. पुढें १९०५ सालीं इंग्लंडांतील आल्फ्रेड इलिंगवर्थ यानें अशा रिळाचें पेटंट घेतलें कीं ज्यांत दोरी फेंकतांना फिरकी स्वतः फिरत नाहीं, दोरीच तिच्या कडेवरून सुळकन् सुटत जाते. १९६० नंतरच्या दशकांत कार्बनचे तंतू निघाले, आणि पुढें काठ्या त्यांच्या होऊं लागल्या. भावाचें रीळ ज्या शिमानो कंपनीचें आहे, ती १९२१ सालीं जपानांतील साकाई शहरांत सायकलचीं दांतेरी चाकें बनविण्यासाठीं निघाली होती. तिच्या सर्वांत नामांकित रिळाचें नांव ‘स्टेला’. लॅटिन भाषेंत स्टेला म्हणजे तारा. आणि किंमतही नांवाला शोभेल अशीच, आकाशांतली.

या किंमतीचें समर्थन करावयाचें तर पहिला मार्ग उपयुक्ततेचा. भावानें तो मार्ग मोठ्या तळमळीनें मला दाखविला. मोठा मासा गळाला लागला कीं तो जिवाच्या आकांतानें पळतो. आठ किलोंच्या ओढीला तुटणारी दोरी असेल, तर रिळाचा ब्रेक दोन-अडीच किलोंवरच लावून ठेवावा लागतो, म्हणजे तुटण्याच्या पुष्कळ आधींच दोरी सुटूं लागते आणि मासा पळून पळून थकतो. हलक्या रिळाच्या ब्रेकच्या चकत्या प्रथम चिकटून राहतात आणि मग हिसक्यानें सुटतात. त्या एका हिसक्यांत दोरी तुटते. उत्तम रिळांत ती लोण्यांतून सुरी फिरावी तशी सुटते. शिवाय खारें पाणी हा लोखंडाचा काळ आहे. हलकें रीळ एकदोन मोसमांत गंजून बसतें. आणि दोरी तुटली म्हणजे मनुष्याचा मासा जातो एवढेंच नव्हे, तर तो मासा तोंडांत रुतलेला गळ व मागें लोंबणारी दोरी घेऊन पाण्यांत जातो. तेव्हां चांगलें साधन वापरणें हें माशाशींही थोडें प्रामाणिकपणाचें वर्तन आहे.

हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण तो फार दूर नेत नाहीं. वाईट रीळ आणि चांगलें रीळ यांत जमीनअस्मानाचें अंतर असेल. परंतु चांगलें आणि सर्वोत्कृष्ट यांत केसाएवढेंच अंतर असतें, आणि किंमत मात्र त्या केसासाठींच कित्येक पटींनीं वाढते. हें कोडें जुनेंच आहे. ॲडम स्मिथ हा अर्थशास्त्राचा आद्य आचार्य म्हणून आपणांस परिचित आहे; पण त्याच्या सुप्रसिद्ध अर्थशास्त्रीय ग्रंथापूर्वीं, १७५९ सालीं, त्यानें नैतिक भावनांविषयीं एक ग्रंथ लिहिला होता. त्यांत त्यानें घड्याळाच्या शौकिनाचा दाखला दिला आहे. ज्याचें घड्याळ दिवसाकांठीं दोन मिनिटें मागें पडतें असा हा शौकीन तें दोन गिनींना विकून टाकतो, आणि पंधरवड्यांत मिनिटभरही न चुकणारें दुसरें घड्याळ पन्नास गिनींना घेतो. घड्याळाचा उपयोग वेळ पाळण्यासाठीं. परंतु हा गृहस्थ इतरांपेक्षां वेळेचा अधिक पक्का असतो असें मुळींच नाहीं. स्मिथचें म्हणणें असें कीं, माणसाला साध्यापेक्षां साधनाची सुबकताच अधिक मोहविते. त्यानें याची थट्टा केली, पण नुसती थट्टाच केली नाहीं. याच भुलीच्या पाठीं लागून माणसानें शेतें नांगरलीं, शहरें वसविलीं आणि कला वाढविल्या, असेंही तो म्हणतो. माझ्या भावालाही पूर्वींपेक्षां अधिक मासे मिळत नाहींत. बाटलीवाल्या पोरांची टोपली कित्येकदां त्याच्या आधीं भरते.

समर्थनाचा दुसरा मार्ग सौंदर्याचा. काठी हातीं घेतली तेव्हां, खोटें कां बोलावें, मलाही ती आवडली. ती जवळजवळ भारहीन आहे. टोंक किंचित् हलविलें कीं सारी काठी जिवंत प्राण्यासारखी थरारते. रिळाची मूठ फिरवितांना आवाज होत नाहीं. मनुष्यानें मनुष्यासाठीं इतकी निर्दोष वस्तू घडवावी, आणि तिला दाद देणारा कोणी असावा, यांत गैर कांहीं नाहीं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरील नक्षीनें सूर सुधारत नाहीं, तरी कारागिराचा हात तेथें थांबत नाहीं. आणि तो थांबला असता तर आपलें जग अधिक नीतिमान् झालें असतें असें नव्हे, अधिक उदास मात्र झालें असतें.

पण सुंदर वस्तूचा एक धोका आहे. आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकानें १६५३ सालीं मासे गरविण्यावर एक पुस्तक लिहिलें. देशांत यादवी युद्ध होऊन गेलेलें, राजाचा शिरच्छेद झालेला, वॉल्टनचा पक्ष पराभूत झालेला. अशा काळांत हा साठीचा गृहस्थ नदीकांठच्या शांत सकाळींविषयीं लिहीत बसला. अठरा पेन्सांना विकलें जाणारें तें पुस्तक पुढें इंग्रजी भाषेंतील अभिजात ग्रंथांत गणलें गेलें. त्यांत एक युक्ति आहे: मासा फारच मोठा असला आणि दोरी तुटण्याची वेळ आली, तर काठीच पाण्यांत सोडून द्यावी, मासा ती ओढीत फिरेल, थकेल, आणि मग काठी पुन्हां हातीं घेतां येईल. हें वाचलें तेव्हां मला भावाच्या काठीची आठवण झाली. मोटारसायकलीच्या मोलाची वस्तू कोण पाण्यांत सोडील? जें साधन प्रसंगीं टाकून देण्याची आपली छाती होत नाहीं, त्याचे आपण धनी राहिलों कीं राखणदार झालों, याचा ज्याचा त्यानें विचार करावा. भाऊ पहिले दोन महिने ती काठी खडकाला लागेल या भयानें खडकाजवळ नेतच नव्हता. आणि मासे तर खडकाजवळच असतात!

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. शेजारीं अभाव असतांना असा खर्च करावा काय? शिवाय या हौसेंत किंमत चुकविणारा आणखी एक जीव असतो. लॉर्ड बायरननें वॉल्टनच्या क्रौर्याबद्दल त्याचा खरपूस समाचार घेतला होता. आणि २००३ सालीं ब्रिटनमधील संशोधकांनीं ट्राउट माशाच्या तोंडाभोवतीं इजेची जाणीव टिपणारे मज्जातंतू असल्याचें दाखवून दिलें. माशाला कांहीं कळत नाहीं या समजुतीच्या आड लपणें आतां पूर्वींइतकें सोपें राहिलें नाहीं. आमचें घर मासे खाणारें. तेव्हां अहिंसेचें प्रवचन माझ्या तोंडीं शोभणार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, भाऊ खाण्यापुरतेच मासे धरतो आणि पिल्लें पाण्यांत सोडतो. तरी या हिशेबांत त्याच्या बाजूला कांहीं बाकी राहतेच, आणि ती काठीच्या किंमतीनें फिटत नाहीं.

अभावाचा प्रश्न मात्र मी त्याला विचारूं शकलों नाहीं. त्याचें कारण सांगतांना मला थोडें मागें गेलें पाहिजे.

१९९० च्या सुमारास भावाला नोकरी लागून चारपांच वर्षें झालीं होतीं. वडील गेलेले, घरचा व्यवहार माझ्या हातीं. बोटीवर नोकरी करणाऱ्या त्याच्या एका मित्रानें परदेशांतून एक काठी व रीळ आणलें होतें, आणि तें तो विकणार होता. किंमत भावाच्या दोन महिन्यांच्या पगाराइतकी. त्यानें मला विचारलें. कारण त्या काळीं आमच्या घरांत धाकट्यानें थोरल्याला विचारण्याची रीत होती. मीं सांगितलें, ‘‘आधीं घरावरचीं कौलें बदलूं. मग पाहूं.’’ त्यानें मान डोलविली. कौलें बदललीं. तीं खरोखरच बदलावयास झालीं होतीं, हें मी आजही शपथेवर सांगेन. परंतु त्याच वर्षीं दिवाळीच्या आधीं मीं पुण्यांत सागवानी लांकडाचें, कांचेचीं दारें असलेलें, पुस्तकांचें एक मोठें कपाट करवून घेतलें. त्याला त्या काठीहून अधिक पैसे पडले. त्याबद्दल मीं कोणाला विचारलें नाहीं, आणि मनांत शंकाही आली नाहीं; कारण पुस्तकांचें कपाट ही गरज होती आणि गळाची काठी ही चैन होती. हा निवाडा कोणी केला? मींच. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही खुर्च्यांवर मीच बसलों होतों.

त्या कपाटांत मीं तत्त्वज्ञानाचे आणि इतिहासाचे जे जाडजूड ग्रंथ लावले, त्यांपैकीं निम्म्यांचीं पानें मीं अद्याप उलटलेलीं नाहींत. कपाट घेतांना माझ्या डोळ्यांपुढें पुस्तकें नव्हतींच. रोज रात्रीं दिव्याखालीं बसून गंभीरपणें वाचणारा एक विद्वान् गृहस्थ होता, आणि तो गृहस्थ म्हणजे मी होतों. कपाटाबरोबर तोही घरीं येईल अशी माझी समजूत होती. कपाट आलें, तो आला नाहीं.

स्वप्नांतल्या काठीचेंही असेंच असावें. ती काठी एकटी कधीं दिसत नाहीं; तिच्याबरोबर ती धरणारा एक मनुष्य दिसतो. त्याला वेळेची घाई नाहीं, गुडघे दुखत नाहींत, घरीं कोणी वाट पाहत नाहीं. पहांटेच्या भरतीला तो खडकावर उभा आहे आणि समुद्र त्याचा आहे. आपण पैसे मोजतों ते त्या मनुष्यासाठीं. दुकानदार देतो ती मात्र नुसती काठी. यांत दुकानदाराची लबाडी नाहीं. कारण तो मनुष्य कोणत्याच दुकानांत मिळत नाहीं. तो पहांटे उठण्यानें, रिकाम्या हातानें परत येण्यानें आणि पुन्हां जाण्यानें, हळूहळू घडत असतो. तंबोऱ्याची किंमत जशी रियाजानें फिटते तशी काठीची किंमत पाण्याकांठच्या तासांनीं फिटते. दुसऱ्या कोणत्याही नाण्यानें ती फिटत नाहीं. जो आठवड्यांतून तीनदां खाडीवर जातो त्याला महाग काठीही स्वस्त पडते. जो ती खोळींतच ठेवतो त्याला ती फुकट मिळाली तरी महागच.

येथवर मी स्वतःवर खूष होतों. कारण या नियमानें काटकसरी माणसाचें कांहींच बिघडत नाहीं. पण नियमाला दुसरी बाजूही आहे. किंमत जर तासांनीं फिटावयाची, तर तास हेंच खरें धन झालें; आणि माझ्या ‘मग पाहूं’ या दोन शब्दांनीं भावाचें नेमकें तेंच धन खर्च केलें होतें. तो अठ्ठावीस वर्षांचा असतांना जी काठी त्यानें खडकाखडकांवरून नाचविली असती, ती त्याच्या हातीं साठी उलटल्यावर आली. आतां त्याचे गुडघे दुखतात. खडकावर उभें राहण्यास डॉक्टरांची मनाई आहे. तो धक्क्यावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतो. मीं घराचे पैसे वांचविले याचा मला तीस वर्षें अभिमान होता. पण जमाखर्चाच्या वहींत मीं फक्त जमेची बाजू लिहिली होती. उधळपट्टी दिसते म्हणून तिची निंदा होते. काटकसरीनें जें नाहींसें होतें तें कोणाला दिसत नाहीं, म्हणून ती सद्गुण ठरते.

हें मीं त्याला बोलून दाखविलें, तेव्हां त्यानें तें हंसण्यावारी नेलें. ‘‘अरे दादा, त्या वेळीं ती काठी मिळाली असती तर मीं ती पहिल्याच वर्षीं मोडली असती,’’ तो म्हणाला. कदाचित् तें खरें असेल. कदाचित् थोरल्या भावाचें मन राखण्यासाठींही तो तसें म्हणाला असेल. मीं अधिक खोदून विचारलें नाहीं.

मार्गशीर्षांत मी पुन्हां त्याच्याकडे गेलों होतों. संध्याकाळच्या भरतीला आम्ही दोघेही धक्क्यावर बसलों. शेजारीं बाटलीवर तंगूस गुंडाळलेला एक दहाबारा वर्षांचा मुलगा बसला होता. त्याची नजर पाण्यापेक्षां काठीवरच अधिक होती. भावानें ती त्याच्या हातीं दिली. माझ्या छातींत धस्स झालें, त्याच्या झालें नाहीं. त्यानें मुलाला बोट कोठें धरावें, दोरी केव्हां सोडावी, तें दाखविलें. तिसऱ्या खेपेला गळ असा लांब गेला कीं तो कोठें पडला तें आम्हांला दिसलेंही नाहीं. मुलगा दहा मिनिटें काठी धरून बसला. मग त्यानें ती परत केली.

‘‘कां रे, आवडली नाहीं?’’ भावानें विचारलें.

‘‘बरी आहे, सर,’’ तो म्हणाला, ‘‘पण मासा चावतो तें बोटाला कळत नाय.’’

भाऊ मोठ्यानें हंसला. ‘‘खरें आहे रे. मला तें कळायला दोन महिने लागले,’’ असें म्हणून त्यानें काठी हातीं घेतली, खुर्ची सरसावली आणि गळ पुन्हां पाण्यांत टाकला. काठीच्या खालच्या टोंकाला, जेथें तो तिला कमरेशीं टेंकवून धरतो, तेथला काळा रंग उडूं लागला होता. आणि खडकाची म्हणा, धक्क्याची म्हणा, एक लांब चरही तिच्या अंगावर पडली होती. ती पाहून मला एकाएकीं फार बरें वाटलें. आंकडा मला अजून मोठाच वाटतो; पण तो फिटूं लागला होता.

घरीं परत आल्यावर मीं कपाटाचें कांचेचें दार उघडलें. तें इतक्या वर्षांनीं थोडें फुगून अडकलें होतें.